पाण्याचा ताळेबंद, मातीची खतावणी

एखाद्या ओढ्याच्या किंवा नदीच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडण्याची गणिती रीत म्हणजे जलविज्ञानातले प्रतिमान. बोलण्यात त्याला सगळे मॉडेलच म्हणतात. या हिशेबात जमेची बाजू एकच असते, पाऊस. खर्चाच्या बाजूला मात्र बऱ्याच नोंदी येतात: जमिनीवरून वाहून ओढ्याला मिळालेले पाणी, म्हणजे अपधाव, मातीतून आणि तळ्यांवरून उडालेली वाफ, पिकांनी आणि झाडांनी मुळांवाटे ओढून पानांतून हवेत सोडलेली ओल, आणि खोल मुरून खडकाच्या फटींत उतरलेले पाणी. उरते ती मातीतली ओल आणि विहिरींतला साठा. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी जमा होते. त्यातला प्रत्येक लिटर यांपैकी कुठल्या ना कुठल्या खात्यात गेलेला असतो. कोणत्या खात्यात किती गेला, हे शोधणे एवढेच मॉडेलचे काम, पण ते सोपे नाही.

पावसाची मोजणी त्या मानाने सुलभ आहे. तालुक्याच्या कचेरीतले पर्जन्यमापक रोज सकाळी वाचले की नोंद झाली. ओढ्याचे पाणी मोजायचे तर पातळीची पट्टी रोवावी लागते, प्रवाहाचा वेग मोजावा लागतो, आणि खरे पाणी येते ते पुराच्या रात्री, तेव्हा काठावर माणूस किंवा यंत्र हजर असावे लागते. त्यामुळे पावसाच्या नोंदी अनेक ठिकाणी शंभर वर्षांहून जुन्या मिळतात, तर बहुतेक ओढ्यांच्या एका वर्षाच्याही मिळत नाहीत. बंधारा किंवा धरण बांधायचे तर नेमका प्रश्न ओढ्याचाच असतो. ज्याची नोंद आहे त्यावरून ज्याची नाही त्याचा अंदाज काढणे, या गरजेतून ही सगळी विद्या उभी राहिली.

महाराष्ट्रात तिचा आरंभ बराच लवकर झाला, आणि ही गोष्ट जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी नाही. अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १८६९ आणि १८७२ या वर्षांत पाऊस आणि वाहून आलेले पाणी, दोन्ही मोजले. पावसाची वाढत जाणारी बेरीज आणि अपधावाची वाढत जाणारी बेरीज त्याने एकमेकांसमोर मांडली, तेव्हा दोन्ही वर्षांच्या रेघा सारख्याच निघाल्या. सुरुवातीच्या पावसाचा फार थोडा भाग वाहतो, जमीन भिजत जाते तसा तो भाग वाढतो, हे त्यातून आकड्यांत दिसले. बिनीचे हे शेकड्याचे प्रमाण विदर्भात आणि मध्य प्रदेशात पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. १८९२ मध्ये डब्ल्यू. एल. स्ट्रेंज याने आजच्या महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतच्या पाणलोटांचा अभ्यास करून तक्ते तयार केले. त्यात पाणलोटांचे चांगले, मध्यम आणि वाईट असे तीन वर्ग होते, आणि जमीन कोरडी, ओलसर की ओली याचाही विचार होता. यातला ‘चांगला’ हा शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. ज्या पाणलोटातून जास्त पाणी वाहून तलावात येते तो स्ट्रेंजच्या लेखी चांगला. तलाव भरू पाहणाऱ्या अभियंत्याला तो चांगलाच. पण त्या उतारावर शेत असलेल्या कुणब्याच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट, कारण त्याच्या रानातली ओल आणि माती त्याच पाण्याबरोबर जाते. एकाच आकड्याची ही दोन तोंडे पुढे सगळ्या मॉडेलांत भेटत राहतात.

त्यानंतरचे मोठे पाऊल १९३० च्या सुमाराचे. क्लॉड इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहांच्या नोंदींवरून दोन सूत्रे बसवली, एक सह्याद्रीच्या घाटमाथ्यासाठी आणि एक दख्खनच्या पठारासाठी. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळेच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे इंग्लिस. घाटासाठीचे सूत्र साधे आहे: वर्षाच्या पावसाचे सेंटिमीटर ०.८५ ने गुणायचे आणि त्यातून ३०.५ वजा करायचे. वर्षाला ५०० सेंटिमीटर पाऊस असेल तर ३९४.५ सेंटिमीटर वाहून जातो, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के. पठारासाठी पावसाच्या आकड्यातून १७.८ वजा करायचे, उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणायचे आणि २५४ ने भागायचे.

हे दुसरे सूत्र कागदपेन्सिल घेऊन करून पाहावे असे आहे. साठ सेंटिमीटर पाऊस झाला तर त्यातून जवळजवळ १० सेंटिमीटर पाणी वाहते. पन्नासला सव्वासहा. चाळीसला अवघे साडेतीन. म्हणजे पाऊस एक तृतीयांशाने घटला की नदीत येणारे पाणी दोन तृतीयांशाने घटते. पठारावरच्या दुष्काळाचे सगळे गणित या एका ओळीत आहे. पाऊस सरासरीच्या सत्तर टक्के झाला असे वृत्तपत्रात छापून येते आणि त्याच वर्षी धरण पाव भागही भरत नाही, तेव्हा लोकांना कुठेतरी घोळ असल्याची शंका येते. घोळ नसतो. माती, पिके आणि ऊन यांची तहान आधी भागते. नदीच्या वाट्याला उरलेले येते, आणि तूट आली की सगळी तिच्यावर पडते. म्हणूनच धरणाची आखणी सरासरी पाण्यावर न करता शंभरपैकी पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल अशा पाण्यावर करण्याची रीत आहे.

वार्षिक सूत्राला एक गोष्ट मात्र कळत नाही. साठ सेंटिमीटर पाऊस चाळीस दिवसांच्या भिजपावसात आला की चार ढगफुटीसारख्या सरींत, हे त्याला सारखेच. त्यासाठी रोजचा हिशेब हवा. अमेरिकेच्या मृद संधारण सेवेने १९५० च्या दशकात यासाठी काढलेली वक्रांक पद्धत आजही जगभर चालते, आणि भारतातल्या पाणलोट विकासाच्या कितीतरी आराखड्यांत तीच असते. मातीचा प्रकार, जमिनीचा वापर, बांधबंदिस्ती आणि आधीच्या पाच दिवसांतला पाऊस पाहून जमिनीला एक अंक दिला जातो. शंभरच्या जवळचा अंक म्हणजे जवळपास सगळा पाऊस वाहून टाकणारी जमीन. अंक जितका लहान तितके मुरणे अधिक. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि जमिनीचा अंक ८५ असला तर ६१ मिलिमीटर वाहून जातो. अंक ६० असला तर साडेअठरा. एका हेक्टरवर हा फरक सव्वाचार लाख लिटरचा आहे, आणि तो आकाशाने केलेला नाही; गवत, झाडे, बांध आणि नांगरटीची दिशा यांनी केलेला आहे. अंक ८५ च्याच जमिनीवर तेवढाच पाऊस पंचवीस-पंचवीस मिलिमीटर करून चार वेगवेगळ्या दिवशी पडला, आणि मधल्या उघडिपीत जमीन पुन्हा पहिल्यासारखी सुकली, तर चारही दिवस मिळून १७ मिलिमीटरच वाहतो.

अमेरिकेतल्या जमिनींवर बसवलेला हा अंक जसाच्या तसा दख्खनच्या काळ्या मातीला लावता येत नाही. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो आणि ओढा कोरडाच राहतो. दोन-तीन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन नंतर पाणी मुरूच देत नाही. म्हणून भारतातल्या मार्गदर्शक पुस्तिकांनी अपधाव सुरू होण्याआधी जिरणाऱ्या पावसाचे प्रमाण काळ्या मातीसाठी आणि इतर मातींसाठी वेगवेगळे धरले आहे, आणि काळ्या मातीसाठीही कोरडी असताना वेगळे, भिजल्यावर वेगळे. शेतकऱ्याला वाफशावरून जे कळते ते गणितात बसवण्याचा हा प्रयत्न आहे. तो पुरता साधलेला नाही, हेही खरे.

संगणक आल्यावर हिशेबाच्या सगळ्या खात्यांची सांगड घालता येऊ लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रॉफर्ड आणि लिन्स्ली यांनी १९६६ मध्ये पूर्ण केलेले मॉडेल या वाटेवरचे पहिले मोठे काम. आज सर्वाधिक वापरात असलेल्या मॉडेलांपैकी ‘स्वॅट’ हे अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन सेवेत, टेक्सासातल्या टेंपल इथे, जेफ आर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घडवले. ते विनामूल्य मिळते आणि त्यामुळे भारतातल्या कृषी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या संशोधकांच्या हाती सहज आले.

अशा मॉडेलात खोरे उभे करायचे म्हणजे आधी जमिनीचे चढउतार हवेत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारने मोजलेल्या उंच्या आज तीस मीटरच्या चौकटींत कुणालाही मिळतात. त्यांवरून कोणत्या चौकटीतले पाणी कोणत्या चौकटीत उतरते हे संगणक काढतो, ओढे जोडतो आणि पाणलोटाची सीमा आखतो. मातीचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे, पिके आणि जंगल उपग्रहाच्या चित्रांवरून, पाऊस हवामान खात्याचा. एक माती, एक उतार, एक पीक असलेले तुकडे एकत्र करून प्रत्येक तुकड्याचा रोजचा हिशेब चालवला जातो आणि सगळ्यांचे पाणी ओढ्यांतून खाली आणले जाते.

सगळ्यांत कच्चा दुवा असतो तो पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. अशा मुलखात तालुक्याला एक पर्जन्यमापक धरून केलेला हिशेब सुरुवातीलाच चुकतो. महसूल मंडळांच्या पातळीवर बसवलेल्या दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे महाराष्ट्रात ही उणीव काहीशी भरून निघाली आहे.

मॉडेल उभे राहिले की त्याची परीक्षा असते. ज्या नदीवर प्रवाह मोजलेला आहे तिथली काही वर्षे घेऊन मॉडेलातल्या अज्ञात अंकांची जुळवाजुळव करतात, आणि मग बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या वर्षांवर ते तपासतात. गुण देण्याची सर्वांत प्रचलित पद्धत नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये सुचवली: मॉडेल अचूक असेल तर गुण एक, रोज नुसती सरासरी सांगितल्याने जेवढे बरोबर येते तेवढेच येत असेल तर शून्य, त्याहून वाईट असेल तर उणे. या परीक्षेत एक फसवणूक लपलेली असते. मुरणे जास्त धरले आणि बाष्पीभवन कमी धरले, तरी नदीतला आकडा बरोबर येऊ शकतो. उत्तर बरोबर, पण कारण चूक. मग त्याच मॉडेलाला विहिरींची पातळी विचारली की ते भलतेच सांगते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी धरण्याची जागा मुळातच थोडी, त्यामुळे भूजलातली लहानशी चूकही इथे मोठी ठरते. नदीच्या नोंदीबरोबर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय अशा मॉडेलवर विसंबू नये.

पाण्याबरोबर माती जाते, म्हणून पाण्याच्या ताळेबंदाला मातीची खतावणी जोडावी लागते. मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरपर्यंतच्या वेगाने उघड्या जमिनीवर आदळतो, ढेकूळ फोडतो, कण उडवतो आणि बारीक कणांनी मातीची छिद्रे बुजवतो. मग पाणी मुरायचे थांबून वाहू लागते. आधी पातळ थराने माती निघते, तिला मराठीत सालकाढी धूप म्हणतात, आणि साल काढल्यासारखीच ती असते: वर्षानुवर्षे चालते आणि डोळ्यांना दिसत नाही. मग ओघळी पडतात, ओघळींच्या घळी होतात.

या धुपेचे जगात सर्वाधिक वापरले गेलेले गणित अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जमवलेल्या नोंदींवर उभे आहे. प्रयोगाच्या वाफ्यांखाली टाक्या बसवून, प्रत्येक पावसानंतर त्यात आलेला गाळ वाळवून तोलून, दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या नोंदी झाल्या. त्यांवरून विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये आणि सुधारून १९७८ मध्ये धुपेचे सार्वत्रिक समीकरण मांडले. त्यात सहा गोष्टींचा गुणाकार आहे: पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी, उताराची तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय. तुलनेसाठी धरलेला मूळ वाफा २२.१ मीटर लांब, ९ टक्के ढाळाचा, पीक न घेता उघडा ठेवलेला.

गुणाकार असल्यामुळे कोणता उपाय किती कामाचा हे लगेच दिसते. ढाळ पाच टक्क्यांवरून दहावर गेला की धूप दुप्पट न होता अडीचपटीहून जास्त होते. पाच टक्क्यांच्या उतारावर मधोमध बांध घालून पाण्याची धाव निम्मी केली तर हेक्टरी धूप सुमारे तीस टक्के घटते. आच्छादनाचा परिणाम मात्र या सगळ्यांच्या पलीकडचा आहे: उघड्या रानाला एक हा अंक असेल, तर दाट जंगलाला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. जेसीबीने चर खणण्याच्या उत्साहात गवत आणि चराईबंदी मागे पडतात, तेव्हा या आकड्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

अशा मोजणीची परंपरा इथेही होती. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र निघाले, आणि तिथल्या उतारावरच्या वाफ्यांतून वाहून जाणारे पाणी आणि माती मोजली गेली. देशभराचा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला: हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती दरवर्षी जागची हलते, आणि एकूण हललेल्या मातीपैकी २९ टक्के समुद्रात, १० टक्के धरणांत जाते. हेक्टरवर पसरले तर सोळा टन म्हणजे सव्वा मिलिमीटरचा थर. एवढ्याशा थराकडे एका वर्षी कुणाचे लक्ष जात नाही, पण तो वरचा थर असतो, खताचा आणि सेंद्रिय अंशाचा.

सार्वत्रिक समीकरणाची मर्यादा अशी की ते अनेक वर्षांची सरासरी सांगते, एका वादळी सरीची धूप नाही. घळी आणि ओढ्याचे ढासळणारे काठ त्यात येत नाहीत. उतारावरून निघालेली माती खालच्या बांधाला, ताटीला, गवताला अडून राहिली, हेही त्याला ठाऊक नसते. १९७५ मध्ये विल्यम्स यांनी पावसाच्या माऱ्याऐवजी अपधावाचे आकारमान आणि पुराचा शिखर प्रवाह वापरून समीकरण बदलले. स्वॅटसारख्या मॉडेलांत हेच बदललेले रूप असते, आणि त्यामुळे रोजच्या पाण्याच्या हिशेबाला रोजच्या मातीचा हिशेब थेट जोडला जातो.

याचा रोकडा उपयोग कामांचा क्रम ठरवण्यात होतो. कोणत्याही पाणलोटात बरीचशी माती थोड्याच उतारांवरून येते. मॉडेल ते उतार नकाशावर दाखवते. मग समतल चर, बांध, गॅबियन यांचा पैसा आधी तिथे लावता येतो. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र योग्यच आहे, पण कोणता माथा आधी, हे त्यातून कळत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. वरच्या गावांनी पाणी अडवले, जिरवले, की खालच्या धरणात येणारे पाणी किती घटते? हिशेब हिशेबच आहे. वर वाढलेली वाफ आणि पीक कुठून तरी वजा होणारच. चांगल्या पावसाच्या वर्षी ही घट किरकोळ असते आणि दुष्काळात जाणवते. गोदावरी खोऱ्यात वरची धरणे आणि जायकवाडी यांच्यातला वाद याच हिशेबाचा आहे. महाराष्ट्राच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने तुटीची वाटणी समन्यायी करण्याचे तत्त्व घातले, मेंढेगिरी अभ्यासगटाने त्यासाठी साठ्याचे कोष्टक तयार केले, आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरून सोडावे, ही मर्यादा आली. मॉडेलातला अंक इथे कायद्याच्या भाषेत उतरला, आणि म्हणूनच तो काढण्याची पद्धत दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना समजेल अशी उघड असली पाहिजे.

लहान प्रमाणावर ते जमलेले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पावसाची मोजणी करून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांचे आणि गुरांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यात कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते. त्यात संगणक असण्याची गरज नाही. जमा, खर्च आणि शिल्लक ही तीन खाती मात्र तीच आहेत.

मातीच्या हिशेबाची शेवटची पडताळणी धरणाच्या तळाशी होते. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी मांजरा नदी लातूर, बीदर ओलांडून तेलंगणात निजामसागराला मिळते. १९३१ मध्ये बांधून झालेल्या या जलाशयाची निम्म्याहून अधिक क्षमता पुढच्या चार-पाच दशकांत गाळाने भरली. धरण आखताना गाळाचा जो अंदाज धरला होता, त्याच्या कितीतरी पट माती येत राहिली. आता जलाशयांवर नाव फिरवून ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजतात, किंवा वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा किती, हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अशी सर्वेक्षणे करते. दोन सर्वेक्षणांतल्या क्षमतेचा फरक म्हणजे मधल्या वर्षांत वरच्या सगळ्या शिवारांतून, उतारांवरून, घळींतून आलेली माती. मॉडेलने सांगितलेला गाळ आणि हा तळाशी मोजलेला गाळ यांची तुलना करून मग मातीचे अंक पुन्हा सुधारले जातात.